गोललाइन टेक्नॉलॉजी: घड्याळ वाजलं नाही म्हणजे गोल नाही?

रेषेपार

फुटबॉलमधल्या जीएलटीवर (म्हणजे गोललाइन टेक्नॉलॉजी, चेंडू गोलरेषेपार गेला का हे ओळखून पंचाच्या घड्याळावर कळवणारी यंत्रणा; पुढे सगळीकडे जीएलटीच म्हणतो) चर्चा निघाली की ती ‘मिलिमीटरपर्यंत अचूक’ आणि ‘खेळातली गंमत गेली’ या दोन टोकांवर जाऊन बसते. यंत्रणा मोजते काय, कशी मोजते आणि फसली तर कुठे फसते, हे एका जागी यावं म्हणून हा धागा.

सुरुवात नियमापासून, कारण निम्मे वाद तिथेच असतात. अख्खा चेंडू अख्खी गोलरेषा ओलांडून, दोन खांबांच्या मधून आणि क्रॉसबारच्या खालून गेला तरच गोल. रेषा जास्तीत जास्त १२ सेंमी रुंद, आणि खांबांची व बारची जाडी तेवढीच. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंमी, म्हणजे व्यास २२ सेंमीच्या आसपास. रेषा मैदानाचाच भाग धरली जाते. म्हणून रेषेच्या मैदानाकडच्या कडेपासून धरलं तर चेंडूचा मध्य १२ अधिक ११ असा २३ सेंमी पुढे जावा लागतो.

चेंडू जमिनीला टेकतो तो एका बिंदूवर. तो बिंदू रेषेच्या मागच्या कडेपासून १० सेंमी पलीकडे असला, मध्ये हिरवंगार गवत दिसत असलं, तरी चेंडूचा फुगवटा सेंटिमीटरभर अजून रेषेच्या वर असतो. गोल नाही. २०२२ च्या विश्वचषकात जपान-स्पेन सामन्यात जपानच्या मितोमाने आत ओढलेला चेंडू आठवा. तिथे प्रश्न चेंडू मैदानाबाहेर गेला का एवढाच होता, पण रेषा तीच आणि नियमही तोच. बाजूच्या कॅमेऱ्यात चेंडू सरळ बाहेर दिसत होता, वरून काढलेल्या छायाचित्रात रेषेला चाटून होता. व्हीएआरने (व्हिडिओ पाहून मैदानावरच्या पंचाला मदत करणाऱ्या पंचाने) गोलरेषेवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं पाहून त्यावरून झालेला तानाकाचा गोल कायम ठेवला, जपान २-१ जिंकला आणि तिकडे जर्मनी स्पर्धेबाहेर गेला.

लेन्सवाला

चांगला धागा. ‘टीव्हीवर तर स्पष्ट दिसलं’ या वाक्याचा हिशेब करून टाकतो.

समजा टीव्हीचा कॅमेरा पेनल्टी बॉक्सच्या कडेच्या रेषेत, म्हणजे गोलरेषेपासून १६.५ मीटर मैदानाकडे, आणि २० मीटर उंचीवर आहे. चेंडू गोलरेषेच्या बरोबर वर, जमिनीपासून १ मीटर उंच. कॅमेऱ्यातून निघालेली नजर चेंडूला छेदून जमिनीवर उतरते ती रेषेच्या मागे १६.५ भागिले १९, म्हणजे सुमारे ८७ सेंमीवर. चेंडू रेषेवर आहे आणि पडद्यावर तो जवळजवळ मीटरभर आत दिसतो! चेंडू हवेत असताना एका कोनातून थांबवलेल्या चित्राला काडीची किंमत नाही, मग त्यावर किती का लाल रेघा ओढा.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. सेकंदाला २५ फ्रेम्स घेतल्या तर दोन फ्रेम्समध्ये चेंडू १.११ मीटर सरकतो. ५० फ्रेम्सना ५६ सेंमी, ५०० फ्रेम्सना साडेपाच. बारला लागून खाली आपटलेला चेंडू रेषेपलीकडे असतो तोच मुळी सेकंदाचा काही शतांश भाग. साध्या प्रक्षेपणात तो क्षण फ्रेममध्ये सापडलाच नाही, असंही होऊ शकतं.

हाफटाइम

मग २०१० च्या विश्वचषकातला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा न दिलेला गोल? तो तर कुठल्याही कोनातून आत होता.

रेषेपार

होता. ब्लोमफाँटेनला, जर्मनी २-१ पुढे असताना. बारला लागून चेंडू रेषेच्या बराच आत आपटला आणि फिरकीने बाहेर आला. जर्मन गोलकीपर नॉयरने उचलून खेळ चालू केला. त्यात मिलिमीटरचा प्रश्नच नव्हता, प्रश्न जागेचा होता. लाइन्समन शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत उभा असतो, कारण त्याला ऑफसाइड बघायचा असतो. बॉक्सच्या कडेवरून मारलेला ताशी १०० किमीचा फटका गोलरेषेवर ०.६ सेकंदात पोचतो. तेवढंच अंतर धावायला माणसाला दोन सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे निर्णय देणारा योग्य जागी असूच शकत नाही.

यावर युएफाचा (युरोपच्या फुटबॉल संघटनेचा) उतारा होता गोलमागे जादा पंच उभे करण्याचा. युरो २०१२ मध्ये इंग्लंड-युक्रेन सामन्यात युक्रेनच्या देविचचा चेंडू इंग्लंडच्या टेरीने रेषेच्या आतून बाहेर काढला, जादा पंच काही मीटरवर उभा होता, तरी गोल मिळाला नाही. (त्याच चढाईत आधी ऑफसाइड सुटला होता, हेही खरं.) पुढच्याच महिन्यात, ५ जुलै २०१२ ला, इफाबने (फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने) जीएलटीला मान्यता दिली.

हाफटाइम

त्या वेळी दोन यंत्रणा मंजूर झाल्या होत्या ना? चुंबकीय प्रकार मागे का पडला? चेंडूतच चिप असेल तर खेळाडू आडवे आले काय नि नाही काय.

लेन्सवाला

हो, कॅमेऱ्यांवर चालणारी हॉक-आय आणि चुंबकीय गोलरेफ. डिसेंबर २०१२ मध्ये जपानच्या क्लब विश्वचषकात दोन्ही वापरल्या. गोलरेफ जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतली. गोलभोवती कमी वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र, चेंडूच्या आवरणाखाली तांब्याच्या तारेची वेटोळी. चेंडू गोलच्या प्रतलातून गेला की क्षेत्रात बदल होतो, तो पकडायचा. माणसाचं शरीर या क्षेत्राला अडवत नाही, हा तिचा खरा फायदा. अडचण अशी की चेंडू खास बनवावा लागतो, आणि प्रत्येक स्पर्धेच्या चेंडूचा करार वेगळा असतो. वेटोळी बसवूनही वजन ४१० ते ४५० ग्रॅममध्ये राहिलं पाहिजे आणि उसळीही बदलता कामा नये. कॅमेरा यंत्रणेला चेंडू कोणाचा याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून लीग तिकडे वळल्या.

२०२२ पासून विश्वचषकाच्या चेंडूत सेन्सर आहे, पण त्याचं काम निराळं. तो हालचाल मोजणारा सेन्सर सेकंदाला ५०० वेळा नोंद करतो आणि चेंडूला स्पर्श कधी झाला ते सांगतो. ऑफसाइडसाठी तेच हवं असतं. चेंडू कुठे आहे हे निव्वळ अशा सेन्सरवरून काढायचं तर त्वरणाची दोनदा बेरीज करत जावी लागते, आणि चूक काळाच्या वर्गाने वाढते. त्वरणात ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी बारीक चूक धरा: एका सेकंदात ५ सेंमी, दोन सेकंदांत २० सेंमी. गोलसाठी निरुपयोगी.

पंचायत

पंचांच्या बाजूचं थोडं लिहितो, कारण ते कोणी लिहीत नाही.

नियम १ मध्ये जीएलटीसाठी अट आहे: संकेत आपोआप आणि एका सेकंदाच्या आत, फक्त सामना अधिकाऱ्यांना, घड्याळाच्या कंपनातून आणि पडद्यावरच्या अक्षरांतून. व्हीएआरच्या खोलीतही तो पाठवता येतो. सामन्याआधी पंचाने यंत्रणा तपासायची. ठरलेल्या पद्धतीने दोन्ही गोलांत चेंडू रेषेपार नेऊन घड्याळ वाजतं का, रेषेवर असताना गप्प राहतं का, ते बघायचं. कुठे गडबड दिसली तर त्या सामन्यात ती वापरायची नाही आणि तसा अहवाल द्यायचा.

आता नीट बघा. घड्याळ वाजलं तर अर्थ एकच, गोल. वाजलं नाही तर अर्थ दोन: चेंडू पार गेला नाही, किंवा यंत्रणेला चेंडू दिसला नाही. मनगटावर या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. सामन्याआधीच्या चाचणीत हा फरक कळत नाही, कारण तेव्हा गोलमध्ये चेंडूवर आडवा पडलेला माणूस नसतो.

रेषेपार

नेमकं हेच १७ जून २०२० ला व्हिला पार्कवर घडलं. कोविडच्या खंडानंतरचा प्रीमियर लीगचा पहिलाच सामना, अॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड. शेफील्डच्या नॉर्वुडची फ्री किक, व्हिलाचा गोलकीपर नायलंडने चेंडू धरला आणि धरलेल्या चेंडूसकट मागे आपल्याच गोलमध्ये गेला. पंच मायकेल ऑलिव्हरने घड्याळाकडे बोट दाखवलं: संकेत नाही. सामना ०-० सुटला. नंतर हॉक-आयने माफी मागून खुलासा केला की त्या गोलवरच्या सातही कॅमेऱ्यांचं दृश्य गोलकीपर, बचावपटू आणि खांब यांनी मोठ्या प्रमाणात झाकलं होतं, आणि ९,००० हून अधिक सामन्यांत असं पहिल्यांदाच झालं.

हंगामाच्या शेवटी व्हिला एका गुणाने वाचला. बोर्नमथ आणि वॉटफर्ड प्रत्येकी ३४ गुणांवर खालच्या लीगमध्ये गेले, व्हिला ३५ वर राहिला.

डावा_विंगर

व्हीएआर होता की तेव्हा! त्याने का नाही पाहिलं?

पंचायत

पाहता आलं असतं, नियमाने मनाई नव्हती. पण घड्याळ गप्प आहे म्हणजे यंत्रणेने ‘नाही’ म्हटलं, असं सगळ्यांनी धरलं आणि व्हीएआरने हस्तक्षेप केला नाही. जीएलटीचा निर्णय वस्तुनिष्ठ, तिथे पुन्हा काय बघायचं, ही सवय झाली होती. मला विचाराल तर त्या दिवशी कॅमेऱ्यांपेक्षा या गृहीतकाने जास्त घात केला. कॅमेरे झाकले जाणार, त्याला इलाज नाही.

लेन्सवाला

सात कॅमेरे असून झाकले कसे गेले, हे समजायला आत काय चालतं ते बघावं लागेल.

एका गोलवर सात, दोन्हींवर मिळून चौदा कॅमेरे, बहुतेक छताखाली किंवा स्टँडच्या वरच्या कडेला. चेंडूची जागा त्रिमितीत काढायला त्याच क्षणी किमान दोन कॅमेऱ्यांत तो दिसायला हवा, तोही एकमेकांशी बऱ्यापैकी कोन करणाऱ्या. शेजारशेजारचे दोन कॅमेरे दिशा सांगतात, पण खोलीत चूक होते. गोलचं तोंड ७.३२ मीटर, थोडी मोकळी जागा धरून १० मीटरचा पट्टा २००० पिक्सेलवर घेतला तर एक पिक्सेल ५ मिमीचा. चेंडू साधारण ४४ पिक्सेल व्यासाचा दिसतो. त्याच्या कडेवरचे बिंदू घेऊन वर्तुळ बसवलं की केंद्र पिक्सेलच्याही अंशापर्यंत काढता येतं, म्हणून काही मिमीची अचूकता शक्य होते. पण कडेचा एक लहान कंसच दिसत असेल तर बसवलेलं वर्तुळ डळमळतं, आणि त्या कंसावर हातमोज्याची बोटं आली की सॉफ्टवेअरला तो चेंडूच वाटत नाही.

सात कॅमेरे पसरलेले असले तरी बरेचसे वर आणि मैदानाकडे असतात. व्हिला पार्कवर चेंडू छातीशी, पाठ गोलच्या आत, समोर बचावपटू, एका बाजूला खांब. चेंडू शरीरापाशी घट्ट धरून खांबाजवळ रेषा ओलांडणं ही या यंत्रणेची सगळ्यात वाईट स्थिती. फटका कितीही जोराचा असो, त्यात ती फसत नाही, कारण आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम्सवरून मार्ग जोडता येतो. हातात धरलेल्या चेंडूला कसला मार्ग? तो हात नेईल तिकडे जातो.

बाकीचे त्रास छोटे पण रोजचे. उन्हाने छताचं लोखंड प्रसरण पावतं, गर्दीच्या उड्यांनी स्टँड हलतो, कॅमेरा अंशभराच्या शंभराव्या भागाने फिरला तरी ५० मीटरवर जवळजवळ ९ मिमीचा फरक पडतो. म्हणून खांब आणि रेषांसारख्या हलत नसलेल्या खुणांवरून कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा ताडून पाहावं लागतं. जाळी पांढरी, चेंडू पांढरा, त्यावर अर्धं ऊन अर्धी सावली, हा आणखी एक नेहमीचा वैताग.

डावा_विंगर

मग २०१९ च्या जानेवारीत मँचेस्टर सिटी-लिव्हरपूल सामन्यात ‘११.७ मिमी बाकी’ असं दाखवलं, ते कितपत खरं मानायचं? सिटीच्या स्टोन्सने चेंडू काढला, सिटी २-१ जिंकली आणि लीगही एका गुणाने, ९८-९७. दशांश बिंदूनंतरचा आकडा मला दिखाऊ वाटतो.

लेन्सवाला

दशांशावर मीही पैज लावणार नाही. चेंडूचाच घेर नियमाने २ सेंमी कमीजास्त चालतो, म्हणजे व्यासात ६ मिमीपर्यंत फरक; शिवाय बुटाच्या माऱ्याने तो त्या क्षणी थोडा चेपलेला असतो. पण ११ मिमी आणि शून्य यांतला फरक यंत्रणेच्या आवाक्यात आहे, त्यामुळे ‘गोल नाही’ हा निर्णय पक्का. त्याच हंगामात बर्नलीविरुद्ध सिटीच्या अग्वेरोचा गोल २९.५१ मिमीने दिला गेला, तो तर निवांत.

क्रिकेटच्या डीआरएसशी लोक तुलना करतात, ती इथे बसत नाही. एलबीडब्ल्यूमध्ये पॅडवर अडलेला चेंडू पुढे कुठे गेला असता याचा अंदाज बांधावा लागतो, म्हणून अंपायर्स कॉल ठेवावा लागला. गोलरेषेवर घडून गेलेलं मोजायचं असतं.

हाफटाइम

एक उलट उदाहरण. ऑक्टोबर २०१३, हॉफेनहाइम-लेव्हरकुसेन. लेव्हरकुसेनच्या कीसलिंगचं हेडर बाहेर गेलं, बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत शिरलं आणि गोल दिला गेला. निकालही तोच राहिला. जीएलटी असती तर गप्प राहिली असती आणि ती शांतता बरोबर ठरली असती.

पंचायत

बरोबर. खांबांच्या मधल्या चौकटीतून चेंडू गेलाच नाही. बुंडेसलिगाने (जर्मन लीगने) हॉक-आय घेतलं २०१५-१६ पासून. तोवर सामन्याआधी जाळी ओढून बघणं हीच काय ती यंत्रणा. ते आजही करावंच लागतं, कॅमेरे भोकं शिवत नाहीत.

गप्प राहण्याचा गोंधळ प्रेक्षकांच्या पडद्यावरही होतो. २०१४ च्या विश्वचषकात पोर्तो अलेग्रेला फ्रान्स-होंडुरास: फ्रान्सच्या बेन्झेमाचा फटका खांबाला लागून रेषेसमोरून आडवा गेला आणि गोलकीपर व्हालादारेसच्या हाताला लागून आत शिरला. त्या स्पर्धेतली गोलकंट्रोल ही यंत्रणा, १४ कॅमेरे, सेकंदाला ५०० फ्रेम्स. तिने दोन्ही प्रसंग वेगवेगळे मोजले, आणि स्टेडियमच्या पडद्यावर आधी खांबाच्या वेळचं ‘गोल नाही’ दिसलं, मग ‘गोल’. मोजमाप दोन्ही वेळा बिनचूक, तरी होंडुरासची बाजू पेटली. कोणत्या क्षणाचं उत्तर दाखवतोय हे सांगितलं नाही तर अचूक यंत्रही खोटारडं दिसतं. त्याच कंपनीची यंत्रणा फ्रेंच लीगने मात्र जानेवारी २०१८ मध्ये खऱ्या चुकांमुळे थांबवली.

डावा_विंगर

स्पेनच्या ला लीगाने जीएलटी घेतलीच नाही, व्हीएआरवर भागवतात. एप्रिल २०२४ च्या एल क्लासिकोत (रिअल माद्रिद-बार्सिलोना सामन्यात) बार्सिलोनाच्या यमालच्या फ्लिकवर चेंडू आत गेला की नाही हे कळायला निर्णायक कोनच नव्हता, गोल मिळाला नाही, माद्रिद ३-२ जिंकली. खर्च वाचवला आणि वाद पदरात घेतला.

लेन्सवाला

व्हीएआर आणि जीएलटी एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत याचा तो नमुना. वर ८७ सेंमीचा हिशेब दिलाय. व्हीएआरकडे चित्रं असतात, मोजमाप नसतं. उलट व्हिला पार्कसारख्या प्रसंगात चित्र बघितलं की शेंबड्या पोराला कळेल गोलकीपर जाळीत उभा आहे, पण मोजमापाला चेंडूच सापडत नाही.

रेषेपार

म्हणून माझं म्हणणं असं की घड्याळाला तिसरी अवस्था हवी. गोल, गोल नाही, आणि चेंडू दिसत नाही. गोलच्या दोन मीटर परिसरात चेंडू अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ हरवला तर तो संकेत थेट व्हीएआरच्या खोलीत जावा, पंचाच्या मनगटावर नको.

पंचायत

मनगटावर नको हे शंभर टक्के पटलं. प्रत्येक कॉर्नरला गर्दीत चेंडू हरवतो. पंचाचा हात सामनाभर थरथरत राहील. अर्धा सेकंद मात्र कमी आहे. गोलकीपर चेंडूवर झोपला की तीन-चार सेकंद तो कोणालाच दिसत नाही, आणि त्यातल्या बहुतेक वेळा तो रेषेच्या चांगला अलीकडे असतो. चेंडू शेवटचा रेषेपासून किती अंतरावर दिसला, ही अट जोडा. अर्ध्या मीटरच्या आत हरवला तरच कळवा.

कोपरा_झेंडा

वाचतोय. एक व्यवहाराचा प्रश्न: छोट्या स्पर्धेत, साध्या कॅमेऱ्यांवर, निदान सामन्यानंतर तपासण्यापुरतं काही करता येईल का?

लेन्सवाला

येईल. प्रत्येक गोलला दोन कॅमेरे, गोलरेषेच्या वाढवलेल्या रेषेत, एक डावीकडे एक उजवीकडे, पक्क्या स्टँडवर साधारण ५ मीटर उंचीला. मैदान ६८ मीटर रुंद असेल तर कोपऱ्यापासून जवळचा खांब ३० मीटरवर येतो, तेवढी झूम लागेल. कॅमेरा बसवायचा तो रेषेच्या मागच्या कडेशी जुळवून: जवळच्या आणि दूरच्या खांबाच्या मागच्या कडा चित्रात एकमेकींवर आल्या पाहिजेत. हे जुळलं की वाचणं सोपं. खांबामागून चेंडू पूर्ण बाहेर दिसला तर गोल. त्याचा काही भाग खांबाने झाकलेला असेल तर नाही. १० सेंमीने जरी कॅमेरा मैदानाकडे सरकला, आणि तुम्ही जमिनीवरची रेघ धरून निर्णय देत असाल, तर २ मीटर उंचीवरच्या चेंडूला जवळजवळ ७ सेंमीची चूक होते.

सेकंदाला २४० फ्रेम्स घ्या. ताशी १०० किमीला एका फ्रेममध्ये चेंडू साडेअकरा सेंमी सरकेल. शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान, नाहीतर चेंडूची कड पुसट होते. फ्लडलाइटखाली आधी चाचणी घ्या: दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा मिणमिणतात, ते डोळ्याला कळत नाही पण २४० फ्रेम्समध्ये मधूनमधून काळपट चित्रं येतात. फोकस आणि एक्स्पोजर हाताने लावून कुलूपबंद करा, ऑटोवर ठेवलं की गोलकीपरची भडक जर्सी समोर येताच कॅमेरा तिकडे धावतो.

पंचायत

आणि सामना सुरू असताना ते चित्र पंचाला दाखवायचं नाही. स्पर्धेला रीतसर परवानगी नसेल तर व्हिडिओ पाहून दिलेला निर्णय नियमबाह्य ठरतो. आधी रेषा तपासा. चुन्याची रेषा खांबाच्या मागच्या कडेशी जुळत नसेल, आणि छोट्या मैदानांवर ती सर्रास दोन-तीन सेंमी सरकलेली असते, तर कॅमेरा खांबांशी जुळवायचा की रेषेशी यावरच भांडण होईल. रेषा पुन्हा मारून घ्या, मग स्टँड उभा करा.

कोपरा_झेंडा

धन्यवाद. खांब १० सेंमी जाडीचे आणि रेषा १२ ची आहे, आत्ताच मोजली. रेषा १० ची करून घेतो.